पस्तीस अंशांवर अडलेलं विश्व

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका मार्च महिन्यात मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की मी विश्व तयार करणार आहे. माझं वय तेव्हा एकोणचाळीस होतं आणि मी पनवेलच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. स्टाफरूममध्ये सहा जण होते. चौघे पेपर तपासत होते, एक झोपला होता. मराठीच्या बाई घरी नेण्यासाठी घेतलेल्या मिरच्यांची देठं काढत होत्या. त्यांनी विचारलं, "कधीपर्यंत होईल?"

"मे अखेर," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि पुढची मिरची घेतली.

आज सत्तरी उलटल्यावर त्या एकोणचाळीस वर्षांच्या बाईकडे बघते तेव्हा वाटतं, हिच्या हातात तिथल्या तिथे एक पाव किलो मिरच्या द्यायला हव्या होत्या. पण दिल्या नाहीत कुणी. त्यामुळे पुढचं सगळं झालं.

विश्व करण्यामागे माझं कारण अगदी व्यवहारी होतं. मला पीएचडी करायची होती. पंधरा वर्षं लंबक आणि भिंग शिकवून मी इतकी कंटाळले होते की लंबकही कंटाळला असावा असं वाटे. पण पनवेलच्या कॉलेजातल्या, एक मुलगा, एक मुलगी आणि सासू असलेल्या बाईला कोण मार्गदर्शक मिळणार? मुंबईत एकच सर तयार होते, तेही अर्धेच. "तुमच्या कॉलेजात काम होऊ शकतं हे मी एकदा डोळ्यांनी बघीन, मग फॉर्मवर सही करीन," ते म्हणाले. आणि जून अखेर ते निवृत्त होणार होते. म्हणजे सही मिळाली तर मेमध्ये, नाहीतर लंबक.

विषय मी एका परदेशी मासिकाच्या झेरॉक्सवरून उचलला होता. झेरॉक्स इतकी फिकट होती की काही आकडे मी श्रद्धेनं वाचले. कल्पना मात्र सोपी होती, निदान मला तशी वाटली. विश्व सुरुवातीला भयंकर गरम होतं आणि सगळीकडे सारखं. ते पसरत गेलं, पसरल्यामुळे थंड झालं. थंड होताना त्याच्या वेगवेगळ्या भागांनी एकमेकांना न विचारता आपापली दिशा धरली आणि जिथे त्या दिशा जुळल्या नाहीत तिथे शिवणीसारख्या रेषा राहून गेल्या असाव्यात, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. ते कुणी पाहिलेलं नाही. पण डिजिटल घड्याळात असतं तसलं एक द्रव असतं, लिक्विड क्रिस्टल म्हणतात त्याला. त्याचे रेणू तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट. गरम असलं की ते कसेही लोळत असतात. पस्तीस अंशांखाली आलं की शिस्तीत एका दिशेनं उभे राहतात. पण सगळा थेंब एकदम ठरवत नाही. इथे चार जण एक दिशा धरतात, तिथे चार जण दुसरी. मांडवात चार कोपऱ्यांतून चार जणांनी एकाच वेळी पंगतीची पानं मांडायला घेतली तर मधे जिथे रांगा भेटतात तिथे जे होतं, तेच. तिथे कुणाला बसता येत नाही, नुसतीच एक वाकडी रेघ उरते. मायक्रोस्कोपखाली त्या रेघा दिसतात, आखडतात, एकमेकींत मिसळतात आणि हळूहळू नाहीशा होतात.

आपल्याला विश्व पसरवता येत नाही. पण थेंब थंड करता येतो. हिशेब तोच.

हे मी घरी समजावून सांगितलं. आमचे हे न्हावा शेव्याला बंदराच्या कचेरीत होते. घरी यायचे ते कंटेनरच्या ट्रकांमागे दीड तास उभे राहून. ते म्हणाले, "पसरलं नाही तरी चालेल, रस्त्यावर येऊ देऊ नकोस म्हणजे झालं." सासूबाई म्हणाल्या, "पसारा तूच करतेस, आवरते मी. विश्वाचंही तेच होणार."

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली आणि मी कामाला लागले. आमची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. मदतीला एकटे मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, जासईचे, वय पन्नाशीच्या पुढे. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणत असे, प्राचार्यसुद्धा. ते रोज पहाटेची एसटी धरून आठला येत, खोली झाडत, पाणी भरत आणि मग मी घरचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधं आणि मुलांची भांडणं उरकून अकराला पोचेपर्यंत स्टुलावर बसून राहत.

उपकरण मामांनी आणि मी मिळून केलं. तांब्याची एक जाड पट्टी, तिच्या एका टोकाला उजेडासाठी भोक, खालून हीटरची तार आणि वर काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबलेला द्रवाचा थेंब. पट्टीचं दुसरं टोक मायक्रोस्कोपच्या बाहेर शेपटासारखं निघालेलं. मायक्रोस्कोपला प्रकाशाच्या दोन गाळण्या एकमेकींना आडव्या लावलेल्या. त्यातून द्रव गरम असलं तर सगळं काळं दिसतं आणि रेणू शिस्तीत आले की उजळतं. म्हणजे आधी अंधार, मग उजेड. मला हे इतकं आवडलं की मी वहीच्या पहिल्या पानावर "आरंभ" असं लिहून खाली दोनदा अधोरेखित केलं. ती वही अजून आहे. नातीला दाखवत नाही.

तर मी थेंब गरम करायची, हीटर बंद करायची आणि डोळा लावून बसायची. अंधार. अर्धा तास अंधार. एक तास अंधार. घाम डोळ्यात जायचा, मी पदरानं पुसायची, पुन्हा अंधार.

तीन आठवडे हे चाललं. तीन आठवड्यांत मी तीन निष्कर्ष काढले. पहिला, काचा स्वच्छ नाहीत. मामांनी काचा सात वेळा धुतल्या. दुसरा, गाळण्या बिघडल्या आहेत. त्या बिघडल्या नव्हत्या, मी बिघडवल्या. तिसरा, द्रवच भेसळीचं आहे. यावर मी पुरवठादाराला एक पत्र लिहिलं. त्यात "शास्त्राशी द्रोह" असे शब्द होते. पत्र मी खरंच टपालात टाकलं. त्या माणसानं उत्तर दिलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

सरांचा फोन आला तेव्हा येण्याला तीन दिवस राहिले होते. "शनिवारी दुपारी एकला येतो. फॉर्म भरून ठेवा," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो सर, सगळं तयार आहे." फोन ठेवला आणि प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसले. रडले नाही, पण रडण्याची पूर्वतयारी झाली होती.

मामा समोर झाडूची दोरी बांधत होते. म्हणाले, "म्याडम, एक सांगू? रागावणार नाय ना?"

"सांगा."

"सकाळी मी झाडायला येतो तवा त्या दुर्बिणीत रंग दिसतात. लाल, पिवळं, काय काय. वर काळी जाळी असते, कोळ्याच्या घरासारखी. तुमी आल्या की काळं व्हतं."

मी स्टुलावरून उठले.

"मी आले की काळं होतं?"

"व्हय. रोज. मी म्हटलं, आपन कशाला बोला. तुमी इचारलंच नाय."

मी आयुष्यात बरंच ऐकून घेतलंय, पण मी खोलीत पाऊल टाकल्यावर विश्व विझतं हे तेवढं एकदाच. आणि मामांचा आवाज अगदी सहानुभूतीचा होता. त्यांना खरंच वाटत होतं की हे माझ्यामुळे होतंय आणि मला कुणी सांगितलं तर वाईट वाटेल.

"मामा, खोलीचं तापमान किती असतं?"

"सत्तावीस," मामा म्हणाले. लगेच, न विचार करता.

मीही मनात सत्तावीसच म्हटलं होतं. कारण आमच्या प्रयोगशाळेत खोलीचं तापमान सत्तावीसच असे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये, प्रत्येक प्रयोगाच्या वर, उजव्या कोपऱ्यात लिहायचं असतं: खोलीचं तापमान, सत्तावीस अंश. मोठ्या मुलांनी लिहिलेलं धाकटी उतरवत, त्यांचं पुढची. थर्मामीटर फुटतात म्हणून ते कपाटात कुलपात, कापसात गुंडाळलेले. किल्ली मामांकडे, पण मागायला कोण येतंय? मी स्वतः कॉलेजात शिकत होते तेव्हा सत्तावीस लिहिलं आणि नंतर पंधरा वर्षं त्या सत्तावीसवर लाल शाईनं सह्या केल्या. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, पनवेलच्या पत्र्याखाली सत्तावीस. एका मुलानं एकदा एकतीस लिहिलं होतं. मी त्याला खोडायला लावलं होतं.

मामांनी कपाट उघडलं. थर्मामीटर कापसातून काढला, धोतराला पुसला आणि टेबलावर ठेवला. दुपारचे बारा वाजले होते. आम्ही दोघं त्याच्याभोवती वाकून उभे राहिलो, आजाऱ्याच्या उशाशी उभे राहतात तसे.

साडेसदतीस.

द्रव पस्तीसाखाली बदलतं. खोली साडेसदतीस. मी हीटर बंद करून थेंब थंड होण्याची वाट बघत होते अशा खोलीत, जिथे थेंबाला थंड व्हायला जागाच नव्हती. तीन आठवडे माझं विश्व आपल्या पहिल्या क्षणात घाम गाळत बसलं होतं आणि मी पुरवठादाराला द्रोही म्हणत होते. सकाळी आठला खोली तीसएक अंशांवर असे, तेव्हा ते निमूट बदलून घेई. मामांनी झाडू मारताना ते बघितलं. मी अकराला आले की पत्रा तापलेला असे.

मी लगेच सरांना फोन लावला. "सर, शनिवारी सकाळी आठला येता आलं तर बरं."

"का? तुमचं विश्व सकाळी आठलाच असतं का?"

मी "हो" म्हटलं.

"मी दुपारी एकलाच येईन," सर म्हणाले.

आता सरळ मार्ग काय होता? अडीच-तीन अंश कमी करायचे. एवढंच. पण ज्या बाईनं विश्व जाहीर केलंय तिला अडीच अंश पुरत नाहीत. मी ठरवलं, बर्फ. आणि बर्फही साधासुधा नाही, घमेलंभर. मामांची बहीण बाजारात मासळी घेऊन बसायची. तिच्याकडून बर्फ आणायचं ठरलं.

शनिवारी अकराला मामा घमेलं घेऊन आले, वर गोणपाट. घमेल्याबरोबर जिन्यातून असा वास वर आला की खालच्या ऑफिसातल्या कारकुनानं डोकं बाहेर काढून विचारलं, "आज काय पापलेट का?"

"विज्ञान हाय," मामा म्हणाले.

आमच्या घरी अंडंही येत नसे. मी नाकाला पदर लावून बर्फाचे तुकडे चिमट्यानं पट्टीच्या शेपटाभोवती रचले, थोडे उत्साहाच्या भरात काचेच्या अगदी शेजारीही. हीटर बंद केला, डोळा लावला. अंधार. अंधार. आणि मग एका कडेला लख्ख उजेड! आणि त्यात वर्तुळं. एकाबाहेर एक, एकाबाहेर एक, रंगीत, नाजूक, जणू एका बिंदूपासून सगळं बाहेर पसरत चाललंय.

मी ओरडले, "मामा! पसरतंय! पसरतंय हो!"

मामांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग काचेच्या कडेवरून नखानं काहीतरी अलगद उचललं आणि माझ्यासमोर धरलं.

"खवला हाय, म्याडम. रावसाचा."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सर अर्धा तास आधीच आले होते.

सर म्हणजे उंच, बारीक, पांढरा बुशशर्ट, खिशात एकच पेन. आत आल्यावर त्यांनी एकदा श्वास घेतला, घमेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सरळ खुर्चीवर जाऊन बसले. अशांना मोठी माणसं म्हणतात. मग चष्मा काढला, मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"काय दिसायला हवं?"

"आधी काळं, सर. मग उजळेल. मग रेषा."

"आत्ता पांढरं आहे. धुकं."

मी बघितलं. मेमधली पनवेलची हवा. खाडी जवळ. अशा हवेत बर्फाच्या शेजारी ठेवलेल्या काचेवर काय होतं हे सासूबाईंनी न शिकता सांगितलं असतं. काचेवर, भिंगावर, सगळीकडे दव जमलं होतं. मी पुसलं. पुन्हा जमलं. पुन्हा पुसलं. पुसता पुसता काच हलली, थेंब एका बाजूला घरंगळला. मी नवीन थेंब लावला. पुन्हा बर्फ, पुन्हा धुकं.

सरांनी घड्याळ बघितलं. "बाई, मला तीनला निघायचंय."

"हो सर. होईल सर. बर्फ थोडा जास्त लावते."

"जास्त?" सर म्हणाले.

हा एकच शब्द. पण त्यातून माझा फॉर्म दाराबाहेर चालू लागलेला मला दिसला. फॉर्म टेबलावर होता, भरलेला, खाली सहीची रिकामी जागा. मी त्याच्याकडे बघत नव्हते, म्हणजे त्याच्याकडेच बघत होते.

मामा भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "किती थंड करायचंय?"

"तीन अंश," मी म्हटलं. आणि म्हणताना मला स्वतःलाच ते ऐकू आलं.

"तीनच?" मामांनी खांद्यावरचा पंचा काढला. "त्याला बरफ कशाला? पान्यानं व्हईल."

त्यांनी घमेलं उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवलं. पंचा बादलीत बुचकळला, अर्धा पिळला आणि तांब्याच्या पट्टीच्या शेपटाला गुंडाळला, बायका पाण्याच्या कळशीला ओलं फडकं गुंडाळतात तसा. मग टेबलफॅन ओढून पंच्यासमोर लावला. काच मी कोरड्या कापडानं पुसली. या वेळी दव आलं नाही, कारण तेवढं थंड काहीच नव्हतं.

मी सरांना जागा दिली. सरांनी डोळा लावला. मी थर्मामीटरकडे बघत होते. सदतीस. छत्तीस. पंखा खरखरत होता. साडेपस्तीस.

सर हलले नाहीत. मग त्यांचा उजवा हात हळूच वर झाला, थांबा म्हणतात तसा. कुणी काहीच करत नव्हतं, तरी आम्ही थांबलो.

"आलं," सर म्हणाले.

त्यांनी मला बघू दिलं. काळ्यात बारीक बारीक उजेडाचे गोळे फुटत होते, पावसाचे थेंब रस्त्यावर पडून जोडले जातात तसे जोडले जात होते आणि जोडताना मधे रेषा राहत होत्या. रेषांची जाळी. रेषा थरथरत होत्या. एक वळसा आखडत आखडत ठिपका झाला आणि नाहीसा झाला. मी काहीतरी बोलले असेन. काय ते आठवत नाही आणि न आठवणं बरं.

"मोजा," सर म्हणाले.

"काय, सर?"

"रेषा. दर दहा सेकंदांनी किती उरतात ते मोजा. मी मोजतो, मग पुन्हा गरम करून तुम्ही मोजा."

तीन आठवड्यांत मी आरंभ अधोरेखित केला होता, पण मोजण्याचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मामांनी माझं मनगटी घड्याळ हातात घेतलं आणि सेकंद मोजायला लागले: "धा… ईस… तीस…" सर आकडे सांगत, मी लिहीत असे. मग हीटर लावून, पुन्हा थंड करून मी मोजले. प्रत्येक वेळी माझा आकडा सरांपेक्षा मोठा. सर बावीस, मी एकतीस. सर चौदा, मी तेवीस.

"मामा, तुम्ही मोजा बरं," सर म्हणाले. आता सेकंद सर मोजत होते.

मामांनी डोळा लावून मोजलं. चोवीस. मग पंधरा.

सर माझ्याकडे वळले. चिडलेले नव्हते. "बाई, तुम्हाला जास्त का दिसतात, माहीत आहे? तुम्ही विश्व बघताय. मामा रेषा बघतायत."

मामांनी पंचा पुन्हा भिजवायला घेतला. त्यांना हे कौतुक कळलं होतं आणि ते मला कळू नये म्हणून ते बादलीत फार वेळ वाकून राहिले.

सरांनी फॉर्म ओढून घेतला. विषयाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: प्रसरणशील विश्वाच्या आरंभाचे प्रयोगशाळेत घडवलेले दर्शन. सरांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ओठ हलवून.

"यातलं विश्व काढा."

"पण सर, त्याचसाठी तर सगळं…"

"तुमच्याकडे काय आहे? एक थेंब, तीन अंश आणि एक पंचा. मोजायला शिकलात तर त्यावर चार वर्षांचं प्रामाणिक काम आहे. विश्वाचं बोलायचं असेल तर शेवटच्या प्रकरणात, शेवटच्या पानावर, एक परिच्छेद. तोही मी वाचून पास केला तर." पेन त्यांच्या हातात होतं, टोपण उघडलेलं. "विश्व ठेवायचं असेल तर ठेवा. मी चहा घेऊन निघतो."

मराठीच्या बाईंना मे अखेर सांगितलं होतं. ह्यांना सांगितलं होतं, सासूबाईंना, शेजारच्या इमारतीतल्या तिघींना, विचुंब्याला नवीन फ्लॅट घेतलेल्या माझ्या नणंदेला, दूधवाल्यालासुद्धा एकदा. अख्ख्या पनवेलला मी आता काय सांगणार होते?

मी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "काढा की. हाय तिथंच राहनार ते."

मी फूटपट्टी घेतली. विद्यार्थ्यांना शिकवते तशी, खाडाखोड दिसू नये म्हणून एकच सरळ रेघ मारली. सहाही शब्द गेले. वर बारीक अक्षरात लिहिलं: द्रव-स्फटिकाच्या थेंबातील रेषांच्या संख्येचे मापन. अक्षर इतकं नीट आलं की माझा मलाच राग आला.

सरांनी फॉर्म घेतला. सही करणार, तोच थांबले आणि तो परत माझ्याकडे सरकवला.

"खोडलंत तिथे छोटी सही करा. नाहीतर युनिव्हर्सिटी परत पाठवते."

मग मी विश्व खोडल्याबद्दल माझी छोटी सही केली, आणि त्यांनी खाली मोठी.